पाळीव शॅमेलिऑनमधील परजीवी : निदान व उपचारांचा ऐतिहासिक आढावा (ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात)

मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली परळ येथे सुरू झाले, तेव्हा घोडा व बैल हेच या शास्त्राचे प्रमुख रुग्ण होते. १८५४ मध्ये लोहमार्गाने मुंबईशी जोडल्या गेलेल्या कल्याणपर्यंतच्या पट्ट्यातही सरड्यावर उपचार करावयाचा असतो, ही कल्पना कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. शॅमेलिऑन रुग्ण म्हणून पुढे आला तो फार उशिरा, आणि तोही बहुधा परदेशी. भारतीय शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित असल्याने तो पाळता येत नाही. येऊरलगत असा सरडा सापडल्यास तो वनविभागाकडे सोपविणे हाच मार्ग होय. डोंबिवलीतील सदनिकेत कायदेशीरपणे राहणारा शॅमेलिऑन हा मूळ येमेनचा वा मादागास्करचा असतो.

निदानाचे साधन मात्र जुनेच आहे. लेव्हेनहूकने १६८१ मध्ये स्वतःची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आजही ताज्या विष्ठेच्या तपासणीला पर्याय नाही. खोल गेलेले डोळे, घटणारे वजन, दुर्गंधीयुक्त पातळ विष्ठा ही लक्षणे संशय निर्माण करतात, परजीवी कोणता हे सांगत नाहीत. शिवाय खाद्य म्हणून दिलेल्या रातकिड्यांतील परजीवीही विष्ठेत दिसतात व अननुभवी तपासनीस फसतो. त्वचेखाली वळवळणारा दोरा दिसला तर तो फायलेरिया वर्गातील कृमी. या वर्गातील कृमी डासात वाढतात, हे मॅन्सनने १८७७ मध्ये चीनमध्ये माणसातील फायलेरियाबाबत दाखविले होते. हा कृमी शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

येमेनी शॅमेलिऑनमधील एका कॉक्सिडियाचे वर्णन १९९५ मध्ये चेक संशोधकांनी केले व त्याला यारा सिमरमान या काल्पनिक चेक प्रतिभावंताचे नाव दिले. नाव विनोदी असले तरी रोग गंभीर आहे. झाडावरच्या सरड्याची विष्ठा खाली पडून दूर राहते, पिंजऱ्यात ती त्याच्याजवळच राहते. स्वच्छतेविना दिलेले औषध येथे जवळजवळ वाया जाते. याउलट अल्प प्रमाणातील सूत्रकृमी निरुपद्रवी असू शकतात. तेव्हा ‘जंत दिसले की औषध’ ही गुरांच्या दवाखान्यातील सवय येथे चालत नाही.

या सवयीचा धोका इतिहासाने दाखविला आहे. जपानमधील मातीतील जिवाणूपासून निघालेले आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये पशूंसाठी बाजारात आले. दोनच वर्षांत, १९८३ मध्ये, कासवांना ते विषारी ठरते असा अहवाल प्रसिद्ध झाला. सस्तन प्राण्यांची मात्रा सरीसृपांना लावणे किती महाग पडते, याचे हे उदाहरण. फेनबेंडाझोलही वजन ग्रॅममध्ये मोजूनच द्यावे लागते, दुसरी मात्रा साधारण दोन आठवड्यांनी, आणि त्यानंतर पुन्हा विष्ठा-तपासणी.

२०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी आवश्यक झाली असून जन्म व मृत्यूही कळवावे लागतात. मृत्यूच्या या नोंदीला विष्ठा-तपासणीचा एखादा अहवाल जोडला गेला, तर ठाणे जिल्ह्यातील सरीसृपांच्या रोगांचा इतिहास प्रथमच कागदावर येईल.