अंतराल अंकगणित : संख्या-स्वरूपे व अंतराल-प्रकार

अंतराल अंकगणितात एका अंदाजी संख्येऐवजी, खरे मूल्य ज्या दोन टोकांमध्ये खात्रीने सापडते तो अंतराल घेऊन गणित करतात. रॅमन मूर यांच्या १९६६ मधील ग्रंथाने या शाखेचा पाया भक्कम केला. संगणकाला मात्र मोजक्याच संख्या लिहिता येतात. म्हणून टोकांसाठी कोणत्या संख्या चालतील आणि त्यांतून कोणते अंतराल बनतील, हे आधी ठरवावे लागते. आयईईई १७८८-२०१५ हे मानक त्यासाठी आहे.

टोकांना उपलब्ध असलेल्या संख्यांचा सांत संच म्हणजे संख्या-स्वरूप. त्यात +∞ आणि −∞ अनिवार्य आहेत. ‘बायनरी६४’ या संख्या-स्वरूपातील सर्वांत मोठी सांत संख्या सुमारे १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात एवढी आहे. बेरीज तिच्यापुढे गेली की वरचे टोक +∞ ठेवल्यावाचून उत्तर कवेत येत नाही. तरीही ∞ हे फक्त टोक असते, सदस्य नव्हे. [१, +∞] मध्ये वास्तव संख्याच असतात आणि [+∞, +∞] हा अंतरालच मानत नाहीत. संच शून्याभोवती सममितही हवा, म्हणजे [क, ख] चे ऋण [−ख, −क] तंतोतंत लिहिता येते.

लिहिता येणाऱ्या अंतरालांचा सांत संच म्हणजे अंतराल-प्रकार. त्यात रिक्त संच आणि संपूर्ण वास्तव रेषा असावीच लागते. [−२, −१] चे वर्गमूळ रिक्त येते. ती चूक नसून योग्य उत्तर आहे. दोन टोकांनी लिहिलेल्या प्रकारात कोणत्याही संचाचे सर्वांत लहान आवरण एकच असते: खालचे टोक खाली व वरचे वर सरकवले की झाले. मध्य व त्रिज्या वापरणाऱ्या प्रकारात असे आवरण एकमेव असेलच असे नाही, म्हणून ते निवडण्याची रीत प्रकारासोबतच नेमून द्यावी लागते.

या शाखेत सर्वांत सहज होणारी चूक संख्या आत घेतानाच होते. ०.१ ही संख्या बायनरी६४ मध्ये नाही. तिच्या जागी बसणारी सर्वांत जवळची संख्या किंचित मोठी असून फरक दशांशचिन्हानंतर अठराव्या स्थळी दिसतो. ती संख्याच दोन्ही टोकांना दिली, तर बनलेल्या अंतरालात ०.१ नसतेच आणि पुढच्या साऱ्या गणिताची हमी तिथेच संपते. ‘०.१’ मजकूर म्हणून दिल्यास तिच्या दोन्ही बाजूंच्या लगतच्या संख्या टोके होतात. २०१७ च्या सुटसुटीत आवृत्तीत, म्हणजे १७८८.१ मध्ये, फक्त बायनरी६४ ठेवले आहे, पण ही काळजी तिथेही तितकीच घ्यावी लागते.