डॉ. कोटणीस : चित्रपटातील मृत्यू आणि इतिहासातील मृत्यू

१/ ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९४६ साली प्रदर्शित झाला. त्यात नायकाचा बळी प्लेग घेतो. प्रत्यक्षात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे निधन ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३२ होते. या दोन मृत्यूंमधील अंतर समजून घेतले, तर परक्या भूमीवर मरण पावलेल्या माणसांची स्मृती कशी घडते, हेही उलगडते.

२/ कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. त्या काळी सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. शहरातले पहिले १९६३ साली सुरू झाले. द्वारकानाथांनी मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले.

३/ जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चौफेर आक्रमण केले. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सरसेनापती जनरल झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. सैन्य पाठवणे काँग्रेसच्या हाती नव्हते. डॉक्टर पाठवणे मात्र शक्य होते. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले आणि लोकवर्गणीतून पथक उभे राहिले.

४/ पथकात पाच डॉक्टर होते : प्रमुख मदन अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, तसेच बी. के. बसू आणि देबेश मुखर्जी. अटल यांच्या गाठीशी स्पेनच्या यादवी युद्धातील अनुभव होता. सप्टेंबर १९३८ च्या आरंभी पथक मुंबईहून जहाजाने निघाले. चीनमध्ये पाचही जणांनी आपल्या चिनी नावांच्या अखेरीस ‘हुआ’ हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दीहुआ’.

५/ पथक चुंगकिंगमध्ये असताना कोटणीसांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. परत फिरण्यास ते सबळ कारण होते. तरीही ते पुढे गेले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे एकेक करून चार सहकारी मायदेशी परतले. कोटणीस मात्र उत्तर चीनमधील गनिमी युद्धाच्या प्रदेशात राहिले.

६/ १९४० साली आठव्या मार्ग सेनेने जपानी फौजांविरुद्ध ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ काढली. या काळात कोटणीसांनी आघाडीलगत जखमींवर अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या. १९४१ च्या आरंभी बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. ज्यांच्या नावाचे हे रुग्णालय, ते कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून १९३९ साली त्याच आघाडीवर रक्तदोषाने वारले होते.

७/ कोटणीस चिनी भाषा शिकले, रुग्ण तपासू लागले आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवूही लागले. १९४१ साली परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

८/ याच काळात अपस्माराचे झटके येऊ लागले. वेढलेल्या प्रदेशात औषधे दुर्मीळ होती आणि विश्रांती तर त्याहूनही. उपचारासाठी आघाडी सोडण्याचा सल्ला मिळूनही ते तेथेच थांबले. अखेरच्या दिवसांत ते विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक लिहीत होते. हपै प्रांतातील गगोंग या खेड्यात त्यांनी प्राण सोडला, तेव्हा ते पुस्तक अपुरे होते आणि यिनहुआ चार महिन्यांचाही झालेला नव्हता.

९/ ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे पुस्तक लिहिले आणि त्यावरून चित्रपट आला. पडद्यावरच्या नायकाला दिसेल असा शत्रू हवा असतो. प्लेगची साथ तशी दिसते. एकाच माणसाच्या शरीरात चाललेला दीर्घ आजार आणि त्याला झाकून रोज उभा राहणारा डॉक्टर पडद्यावर दाखवणे त्याहून कठीण होते.

१०/ पुढे राजकारणही या स्मृतीशी खेळले. १९५० साली कोरियात युद्ध पेटले. भारताने लढाऊ सैन्य धाडले नाही. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले. ते संयुक्त राष्ट्रांच्या फौजांसोबत काम करत होते. समोर होते चिनी सैन्य आणि त्याचे सेनापती होते पेंग दहुआय. दहा वर्षांपूर्वी ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ याच पेंग यांनी चालवली होती आणि त्यांच्याच जखमी सैनिकांवर कोटणीसांनी उपचार केले होते.

११/ १९६२ च्या युद्धानंतर भारतात चीनचे नाव घेणेही जड झाले. संबंध सुधारले की कोटणीस ‘मैत्रीचे प्रतीक’ म्हणून पुढे येतात, बिघडले की मागे पडतात. त्यांनी मात्र १९३८ साली निवड केली होती ती आक्रमणाने होरपळणाऱ्या माणसांची.

१२/ शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे. बेथ्यून यांचीही तेथेच आहे. सोलापुरात त्यांच्या राहत्या घरी स्मारक झाले आहे. शहरालगतच्या कुंभारीतही आता वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना कोटणीसांची कथा सांगायची, तर प्लेगची दंतकथा बाजूला ठेवून सांगावी : स्वतः आजारी असलेल्या एका तरुण डॉक्टरने आपल्यामागून येणाऱ्यांसाठी परक्या मुलखात शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले होते.