बंब किती, आणि बंबावर माणसं किती? गोंदियाचा हिशोब

आजचा एपिसोड गोंदिया जिल्ह्यावर आहे. विषय असा, की ज्याची आठवण आपल्याला फक्त सायरन वाजल्यावर होते. फायर ब्रिगेड, म्हणजे आपला साधा सरळ बंब. प्रश्न दोनच आहेत. एका गावाला किती बंब लागतात? आणि एका बंबावर किती माणसं लागतात?

२१ डिसेंबर २०१६ ची पहाट गोंदियातला कोणीच विसरलेला नाही. भर बाजारातल्या बिंदल प्लाझा हॉटेलला आग लागली. थंडीचे दिवस, पाहुणे गाढ झोपेत. सात जण गेले. त्यानंतर कितीतरी दिवस चहाच्या टपरीवर एकच चर्चा चालायची, बंब किती वाजता आला, किती आले, पाणी पुरलं का. म्हणून म्हटलं, हे आकडे मुळात येतात कुठून ते बघू.

सुरुवात शब्दापासून करू. 'बंब' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्याकडे 'बोंबा' म्हणजे पंप. आपण तो आग विझवणाऱ्या गाडीलाही लावला आणि आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या भांड्यालाही. एकच शब्द आग विझवणारा आणि आगीवर चालणारा, दोन्हीसाठी. आहे की नाही मजा?

आता मुंबईत जाऊ, कारण महाराष्ट्रातल्या फायर ब्रिगेडचा इतिहास तिथूनच सुरू होतो. आधी आग विझवणं हे पोलिसांचं जोडकाम होतं. घोडे जुंपलेले बंब असायचे. १८८७ साली हे काम नगरपालिकेकडे गेलं, आणि १९०७ मध्ये पहिला मोटारीवरचा बंब आला. घोडे गेले, वेग वाढला. पण गाडीवर किती माणसं बसवायची हा प्रश्न घोड्यांबरोबर गेला नाही.

मग आला १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या गाठी! आग लागली, फायर ब्रिगेडचे जवान पाणी मारत राहिले आणि चारच्या सुमारास जहाज फुटलं. अर्ध्या तासात दुसरा स्फोट. त्या दिवशी अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो यांच्याच आठवणीत.

स्वातंत्र्यानंतर केंद्राने या विषयात लक्ष घातलं. १९५५ मध्ये गृह मंत्रालयाने अग्निशमनासाठी एक स्थायी सल्लागार समिती नेमली. १९५६ मध्ये राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. म्हणजे देशभरातले फायर ऑफिसर घडवणारं कॉलेज आपल्या विदर्भात आहे, गोंदियापासून रेल्वेने दोन-तीन तासांवर.

त्या सल्लागार समितीने काही मापं सांगितली. तीन लाखांपर्यंतच्या शहरात दर ५० हजार लोकांमागे एक बंब. शहरात कॉल आल्यापासून तीन ते पाच मिनिटांत पोचायचं, ग्रामीण भागात वीस मिनिटांत. लक्षात ठेवा, ही शिफारस आहे. न पाळल्यास कोणी दंड करत नाही.

आता गोंदियाचा हिशोब करा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण १ लाख ३२ हजार. भागिले ५० हजार, उत्तर अडीचच्या वर. अर्धा बंब रस्त्यावर पळत नाही, तेव्हा तीन. आणि हा २०११ चा आकडा आहे.

एकाऐवजी तीन कशाला, असं वाटेल. साध्या बंबाची टाकी साधारण ४,५०० लिटरची असते आणि पंप मिनिटाला १,८०० लिटर फेकू शकतो. पंप पूर्ण सोडला तर टाकी अडीच मिनिटांत रिकामी! एक गाडी आग विझवत असताना दुसरी पाणी आणत असली पाहिजे. आणि त्याच वेळी दुसरीकडे कॉल आला तर तिसरी. आम्ही सॉफ्टवेअरवाले एका सर्व्हरवर कधीच भरवसा ठेवत नाही, बॅकअप ठेवतोच. तेच तत्त्व आहे हे.

पण खरी मेख पुढे आहे. गाडी टेंडर काढून विकत घेता येते. उद्घाटनाला फीत कापता येते, नारळ फोडता येतो. माणसांचं काय?

एका बंबावर साधारण सहा जण धरा. एक प्रमुख, एक ड्रायव्हर (तोच पंप चालवतो) आणि चार फायरमन. आठवड्यात तास १६८. एक माणूस आठ तासांप्रमाणे सहा दिवस काम करतो, म्हणजे ४८ तास. १६८ भागिले ४८, म्हणजे साडेतीन. एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. सहा खुर्च्यांना २१. तीन बंबांना ६३. यात रजा, आजारपण, ट्रेनिंग काहीच धरलेलं नाही. हा सरकारी आकडा नाही हं, माझं कागदावरचं गणित आहे. तुम्हीही मोबाइलवर करून बघा.

इतकी माणसं नसतील तर काय होतं? २४ तास ड्युटी आणि २४ तास सुट्टी असा फेरा लावायचा. मग १२ माणसांत एक बंब चालतो, पण प्रत्येकाचे आठवड्याला सरासरी ८४ तास भरतात. किंवा सहाऐवजी तिघांनीच गाडी काढायची. गाडी वेळेत पोचते, सायरनही वाजतो. पण एक ड्रायव्हर पंपावर अडकला की पाइप धरायला दोघे उरतात. धुराने भरलेल्या जिन्यात मग जाणार कोण?

आता गंमत बघा. याच जिल्ह्यात अशी एक जागा आहे जिथे हा आकडा हलत नाही. बिरसी विमानतळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ही धावपट्टी. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान इथे यायला लागलं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे विमानाच्या लांबी-रुंदीवरून विमानतळाची अग्निशमन श्रेणी ठरते. पाचव्या श्रेणीपर्यंत किमान एक गाडी, सहा-सातला दोन, आठपासून पुढे तीन. धावपट्टीच्या टोकापर्यंत तीन मिनिटांत पोचता आलं पाहिजे. सोय श्रेणीइतकी नसेल तर विमान उतरवण्यावरच गदा येते. शहराला मात्र असं कोणी म्हणत नाही, की बंब कमी आहेत, तेव्हा नवीन कॉम्प्लेक्सला परवानगी थांबवा.

आणि खेड्यांचं काय? इथे इतिहासातलं एक पान उघडावं लागतं. १९९२ मध्ये संविधानात दोन मोठ्या दुरुस्त्या झाल्या. ७४ व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली, शहरांची कामं सांगणारी. तिच्यात अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. ७३ व्या दुरुस्तीने अकरावी अनुसूची आली, पंचायतींची. तिच्यात २९ विषय आहेत. शेती, रस्ते, ग्रंथालयं, बाजार, सगळं आहे. अग्निशमन नाही!

गोंदिया जिल्ह्यातले बहुतेक लोक खेड्यात राहतात. दिवाळीच्या आसपास शेतात धानाचे पुंजणे लागतात. एखादा पुंजणा पेटला की वर्षभराची कमाई जाते. बंब येणार जवळच्या नगरपालिकेचा. देवरीकडच्या गावासाठी गोंदियाहून गाडी निघाली तर साठ-सत्तर किलोमीटर. वीस मिनिटांचं माप तिथे कसं बसणार? शेजारीपाजारी धावतात, बादल्या आणतात, मोटर लावतात, आणि बंब पोचेपर्यंत राख उरते.

जंगलात तर बंब जातच नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजूर गेले. रोजंदारीवरची माणसं. त्या आगीत गाडी नव्हती, सगळी भिस्त माणसांवरच होती.

म्हणून मला वाटतं, बंबांची संख्या विचारणं चांगलं, पण तो अर्धाच प्रश्न आहे. तुमच्या नगरपालिकेला दोन गोष्टी विचारा. मंजूर फायरमन किती, आणि आज रात्री दोन वाजता ड्युटीवर किती? माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, एका चहाच्या पैशात. गावात राहत असाल तर ग्रामसभेत विचारा, की आग लागली तर आपल्याकडे कुठून, किती वेळात आणि कोण येणार?

उत्तर मिळालं की आम्हालाही कळवा. आणि हो, १०१ नंबर सेव्ह करून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!