कॉम्प्युटरची सगळी मांडणी एका फाइलमध्ये : 'निक्सओएस' म्हणजे काय, आणि ते कोणाच्या कामाचे?

कॉम्प्युटर फॉरमॅट केला की खरा त्रास सिस्टिम टाकण्याचा नसतो, त्यानंतरचा असतो. मराठी कीबोर्ड, कन्नड कीबोर्ड, फॉन्ट, प्रिंटर, ब्राउझर, पीडीएफ उघडायचे सॉफ्टवेअर असे एकेक आठवून बसवावे लागते. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात एकाच मशीनवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी चालते, त्यामुळे ही यादी इथे जरा लांबच होते. बहुतेक वेळा ती कुठे लिहिलेलीही नसते, दुरुस्तीला येणाऱ्या मुलाच्या डोक्यात असते. तो गाव सोडून पुण्याला गेला की यादीही त्याच्याबरोबर गेली.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे जुने मशीन लिनक्सवर न्यावे का, असा विचार करणाऱ्यांनी 'डिक्लेरेटिव्ह' पद्धत समजून घेतलेली बरी.

रोजकीर्द आणि ताळेबंद

नेहमीची पद्धत रोजकीर्दीसारखी आहे. आज हे टाकले, उद्या ते काढले, परवा सेटिंग बदलले. वर्षभराने मशीनमध्ये नेमके काय आहे, ते कोणालाच सांगता येत नाही. डिक्लेरेटिव्ह पद्धतीत आपण पायऱ्या लिहीत नाही. शेवटी काय असायला हवे ते लिहितो, ताळेबंदासारखे. अमुक सॉफ्टवेअर हवे, अमुक फॉन्ट हवेत, वेळ भारताची हवी, प्रिंटिंग सुरू हवे. तिथपर्यंत कसे पोचायचे ते सिस्टिम बघते.

या पद्धतीचे सर्वांत माहितीचे उदाहरण म्हणजे निक्सओएस ही लिनक्स. तिच्या मुळाशी असलेल्या 'निक्स'चे काम एल्को डॉल्स्ट्रा यांनी २००३ मध्ये नेदरलँड्सच्या युट्रेक्ट विद्यापीठात सुरू केले. २००६ मधला त्यांचा पीएचडीचा प्रबंध याच विषयावर आहे. ही सिस्टिम मोफत असून तिची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये, येते. याच विचारावर 'गिक्स' नावाची दुसरी सिस्टिम २०१२ पासून आहे.

काम कसे चालते?

'कॉन्फिगरेशन.निक्स' नावाची एक साधी मजकूर-फाइल असते. तिच्यात बदल करायचा आणि 'निक्सओएस-रीबिल्ड स्विच' ही कमांड द्यायची. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांतच टाइप करावी लागते. सिस्टिम फाइल वाचते, लागेल ते डाउनलोड करते आणि नवी मांडणी तयार करते. फाइलमध्ये अर्धविराम राहिला तर ती एरर दाखवून थांबते. चालू मांडणीला धक्का लागत नाही.

प्रत्येक यशस्वी बदलाची एक 'पिढी' तयार होते आणि मशीन सुरू होताना मेनूत तिचा क्रमांक दिसतो. नव्या बदलाने स्क्रीन काळी पडली तर रीस्टार्ट करून मागची पिढी निवडायची. प्रत्येक सॉफ्टवेअरची प्रत्येक आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये राहते, नवी जुनीवर चढत नाही, म्हणून हे जमते.

मराठी-कन्नडची सोय

नोटो, लोहित यांसारखे युनिकोड फॉन्ट, आयबस आणि त्यातले एम१७एन हे कीबोर्डचे इंजिन फाइलमध्ये एकदा लिहिले की झाले. इनस्क्रिप्टमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही मिळतात. शाळेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात पाच मशीन असतील तर तीच फाइल पाचही ठिकाणी चालते.

मात्र सोबतची 'हार्डवेअर-कॉन्फिगरेशन' फाइल कॉपी करू नका. तिच्यात त्या-त्या मशीनच्या डिस्कची माहिती असते. ती प्रत्येक मशीनवर नव्याने तयार करायची. तसेच पाचही मशीनवर अगदी तीच आवृत्ती हवी असेल तर 'फ्लेक' ही सोय वापरून तिची लॉक फाइल सोबत ठेवावी लागते.

काय होत नाही?

एक, हा बॅकअप नव्हे. फाइलमुळे मांडणी परत येते. फोटो, बिले, दाखले परत येत नाहीत. मागच्या पिढीत गेल्यानेही डिलीट झालेला कागद सापडत नाही. त्याची प्रत वेगळीच ठेवायला हवी.

दोन, फाइलमध्ये पासवर्ड लिहू नये. तिच्यातला मजकूर अशा फोल्डरमध्ये जातो की मशीनवरचा कुठलाही वापरकर्ता तो वाचू शकतो.

तीन, जुन्या पिढ्या डिस्कवर जागा खातात. 'निक्स-कलेक्ट-गार्बेज' कमांडने सफाई होते, पण काढून टाकलेल्या पिढीत परत जाता येत नाही.

चार, टॅली, श्रीलिपी यांच्यावरच धंदा चालत असेल तर घाई नको. ही सॉफ्टवेअर विंडोजसाठीची आहेत. शिवाय निक्सची लिहिण्याची भाषा शिकायला वेळ लागतो.

सुरुवात कुठून करावी?

पूर्ण मशीन लगेच बदलायची गरज नाही. उबुंटूसारख्या चालू लिनक्सवर किंवा मॅकवरही निक्स टाकता येते. त्यासोबत 'होम मॅनेजर' वापरले तर आपल्यापुरती सॉफ्टवेअर आणि त्यांच्या सेटिंग फाइलमधून सांभाळता येतात. विंडोज ठेवणार असाल तर तिथे 'विनगेट एक्स्पोर्ट' ही कमांड आहे. ती तिला ओळखता येणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी फाइलमध्ये काढून देते आणि 'विनगेट इम्पोर्ट' ती नव्या मशीनवर बसवते. सेटिंग त्यात येत नाहीत, पण निम्मे काम वाचते.

यातले काहीच नको असेल तर निदान एवढे करा. मशीनमध्ये काय-काय टाकले आहे, कोणता कीबोर्ड, कोणता प्रिंटर, हे आजच एका कागदावर लिहून तारीख घाला आणि बिलांच्या फाइलला लावून ठेवा. पुढच्या फॉरमॅटच्या वेळी तो कागद दुरुस्तीवाल्याच्या हातात देता येईल.