ढेकणाचा फॅमिली ट्री

कोराडीहून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज येतोय, चालवून घ्या. इथल्या मे महिन्यात पंखा बंद करून रेकॉर्डिंग होत नाही.

मागच्या वर्षी माझ्या भाड्याच्या खोलीत ढेकूण झाले. घरमालकीण काकू म्हणाल्या, “तुझ्याच बॅगेतून आले असतील, बाबा.” इतकी लाज वाटली की ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. रात्री झोप नव्हतीच, मग ढेकणाची हिस्ट्री वाचत बसलो.

माणसाला चावणारे मुख्य ढेकूण दोन. एक सायमेक्स लेक्टुलॅरियस, थंड देशांतला. त्याला 1758 मध्ये लिनिअसने हे नाव दिलं. दुसरा सायमेक्स हेमिप्टेरस, आपल्यासारख्या गरम देशांतला. त्याची नोंद 1803 मध्ये लिनिअसचाच विद्यार्थी फॅब्रिशियसने केली. दोघंही चपटे, लालसर तपकिरी, बिनपंखी. भिंगातून पाहिलं तर पहिल्याची डोक्यामागची पाटी जास्त रुंद दिसते, बस!

इतके सारखे म्हणजे अलीकडेच वेगळे झालेले भाऊ, असं वाटतं ना? एक अंदाज तसाच होता. माणसाच्या पूर्वजांच्या शाखा फुटल्या, तेव्हा त्यांच्यासोबत ढेकणांच्याही फुटल्या असतील.

2019 मध्ये ‘करंट बायोलॉजी’त एक पेपर आला. एका आंतरराष्ट्रीय टीमने पंधरा वर्षं नमुने गोळा करून ढेकूण कुळातल्या 34 जातींचा डीएनए तपासला. आपल्या गिटसारखंच समजा. दोन ब्रँचमध्ये जितके बदल जास्त, तितका फाटा जुना. किती जुना, ते जीवाश्मांच्या वयावरून ठरवलं.

उत्तर आलं सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षं! तेव्हा माणूस कुठे होता? म्हणजे आपल्यामुळे ते वेगळे झाले नाहीत. आधीच वेगळे असलेले दोघं स्वतंत्रपणे आपल्या अंथरुणात आले. आणि त्यांचं कुळ तर 10 कोटी वर्षांहून जुनं. ढेकणाचा पहिला यजमान वटवाघूळ, असं मानलं जायचं. पण वटवाघळांचे सापडलेले सर्वात जुने जीवाश्म सुमारे 5 कोटी वर्षांचे. मग पहिलं रक्त कुणाचं? ते कोडं अजून उघडंच आहे.

काकूंचंही चुकलं नव्हतं म्हणा. पंख नसलेला ढेकूण बॅगेतून, गादीतूनच फिरतो. पण आता मला लाज नाही वाटत. आपल्याआधी कोट्यवधी वर्षं तगलेला प्राणी आहे तो. तुमच्याकडे झाले, तर लपवू नका. शेजाऱ्यांना सांगा, सगळे मिळून लवकर बंदोबस्त करा.

भेटू पुढच्या भागात!