निवडक फोकस
छायाचित्रातील एकच विषय रेखीव ठेवून मागचेपुढचे धूसर करण्याची रीत. लेन्सचे छिद्र, केंद्रांतर, विषयाचे अंतर आणि त्याच्यामागची मोकळी जागा यांवर धूसरपणा ठरतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी. लेन्सने २ मीटरवरचा चेहरा एफ/१.८ छिद्राला टिपला, तर जेमतेम ६ सेंमी. खोली स्पष्ट येते. म्हणून फोकस जवळच्या डोळ्यावरच धरावा. एफ/८ ला हीच खोली सुमारे २७ सेंमी. होते.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबत मिरवणुकीत या तंत्राची खरी कसोटी लागते. जुन्या वस्तीच्या अरुंद रस्त्यांवर, बडग्या या पुतळ्यापुढे नाचणाऱ्या पोराच्या डोक्यामागे विजेच्या तारा आणि दुकानांच्या पाट्या दाटलेल्या असतात. छिद्र मोठे केले की त्या विरघळतात. मात्र गर्दी पार पुसली गेली, तर मिरवणूकच हरवते. तेथे एफ/४ च्या आसपास थांबणे इष्ट. भर उन्हात आयएसओ १०० व एफ/१.८ ला शटर १/८००० सेकंदापर्यंत न्यावे लागते. कॅमेऱ्याला ते झेपत नसल्यास प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावतात. मोबाइलचा सेन्सर लहान, त्यामुळे पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा बहुतांशी संगणकीय असतो आणि भुरभुरत्या केसांच्या कडेला तो फसतो.