बँडपथकातील विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपीची तोंडओळख

शाळेच्या बँडपथकात नव्याने दाखल झालेला विद्यार्थी बहुधा कानाने शिकतो. बँडमास्तर धून वाजवून दाखवितात, विद्यार्थी ती पुन्हा पुन्हा वाजवून पाठ करतो. ही रीत वाईट नाही. परंतु तिच्यात एक उणीव आहे. मास्तर बदलले की धूनही त्यांच्याबरोबर निघून जाते. ज्याला स्वरलिपी वाचता येते, तो मात्र पूर्वी कधीही न ऐकलेली धून कागदावरून वाजवू शकतो. म्हणूनच वाद्याइतकेच लिपीच्या अभ्यासालाही महत्त्व दिले पाहिजे.

उगम
अकराव्या शतकात इटलीतील अरेत्सो येथे ग्विदो नावाचे बेनेडिक्टाइन संन्यासी गायनवृंदाला शिकवीत असत. गायकांची अनेक वर्षे केवळ पाठांतरात खर्ची पडतात, हे त्यांनी पाहिले. त्यांनी रेषांवर स्वर लिहिण्याची पद्धत रूढ केली. तसेच संत योहान बाप्तिस्ता यांच्या एका लॅटिन स्तोत्रातील ओळींच्या आद्याक्षरांवरून उत, रे, मी, फा, सोल, ला ही स्वरनामे दिली. पुढे ‘उत’चे ‘दो’ झाले व ‘सी’ हा सातवा स्वर जोडला गेला. पूर्वी दहा वर्षे लागत, ते शिक्षण एक-दोन वर्षांत पुरे होते, असा ग्विदो यांचा दावा होता.

स्टाफ आणि क्लेफ
पाच आडव्या समांतर रेषा व त्यांमधील चार मोकळ्या जागा मिळून स्टाफ होतो. रेषा नेहमी खालून वर मोजाव्यात. स्वरचिन्ह जितके वर, तितका स्वर उंच. स्वरांची इंग्रजी नावे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी अशी सात आहेत.

प्रारंभीचे चिन्ह म्हणजे क्लेफ. ट्रेबल क्लेफचा वळसा दुसऱ्या रेषेभोवती पडतो; ती रेषा जी स्वराची. त्यामुळे रेषांवर ई, जी, बी, डी, एफ आणि जागांत एफ, ए, सी, ई असे स्वर येतात. बासरी, क्लॅरिनेट व ट्रम्पेट ही वाद्ये ट्रेबल क्लेफ वाचतात. बेस क्लेफमध्ये चौथी रेषा एफ स्वराची असते. ट्रॉम्बोन सामान्यतः हा क्लेफ वाचतो. स्टाफबाहेरील स्वरांसाठी आखूड जादा रेषा काढतात, तिला लेजर लाइन म्हणतात.

सारेगम आणि ही लिपी
आपल्या संगीतात षड्ज गायकाच्या सोयीने कोणत्याही पट्टीत धरता येतो. स्टाफवरील स्वर मात्र ठरावीक उंचीचे असतात. मधल्या सी स्वराच्या वरील ए स्वराची कंपने सेकंदाला ४४० असावीत, असे मानक आहे. सी पासून सी पर्यंतचे सात स्वर म्हणजे सी मेजर सप्तक. त्याची रचना बिलावल थाटासारखी आहे. ग-म व नी-सा यांत जसे अर्ध्या स्वराचे अंतर असते, तसेच येथे ई-एफ व बी-सी यांत असते.

शार्प हे चिन्ह स्वर अर्ध्या स्वराने चढविते, फ्लॅट तो तितकाच उतरविते व नॅचरल आधीचे चिन्ह रद्द करते. स्वरालगत आलेले चिन्ह त्या बारच्या अखेरपर्यंत लागू राहते. क्लेफच्या शेजारी लिहिलेली चिन्हे सर्वत्र लागू होतात.

मात्रा आणि विराम
क्रॉचेट एक मात्रेचा धरल्यास मिनिम २, सेमीब्रीव्ह ४, क्वेव्हर अर्ध्या व सेमीक्वेव्हर पाव मात्रेचा होतो. स्वरापुढे टिंब आल्यास त्याचा काळ निम्म्याने वाढतो. टिंब असलेला मिनिम ३ मात्रांचा होतो. प्रत्येक स्वरचिन्हाच्या काळाइतके विरामचिन्हही असते. विराम म्हणजे विश्रांती नव्हे. त्या वेळीही मनात मात्रा मोजावयाच्या असतात.

उभ्या रेषांनी स्टाफचे बार पडतात. आरंभी एकाखाली एक दोन अंक असतात. वरचा अंक बारमधील मोजणी सांगतो, खालचा अंक कोणते चिन्ह मोजावयाचे ते सांगतो: ४ म्हणजे क्रॉचेट, ८ म्हणजे क्वेव्हर. संचलनाच्या धुना बहुधा २-४, ४-४ किंवा ६-८ मध्ये असतात. वॉल्ट्झ ३-४ मध्ये असतो.

इटालियन संज्ञा
पियानो म्हणजे हळुवार, फोर्टे म्हणजे जोरकस. क्रेशेंडो म्हणजे आवाज क्रमाने वाढविणे, डिमिन्युएंडो म्हणजे तो कमी करणे. लेगातो म्हणजे स्वर जोडून, स्टकातो म्हणजे तोडून वाजविणे. अँदान्ते ही चालण्याची संथ लय, अलेग्रो ही जलद लय. दा कापो म्हणजे पुन्हा आरंभापासून, फिने म्हणजे समाप्ती. लय हा किरकोळ विषय नव्हे: आपल्या राष्ट्रगीताच्या पूर्ण वादनास सुमारे ५२ सेकंद लागावेत, असा संकेत आहे.

एक नेहमीची अडचण
बासरीचा कागद ट्रम्पेटवाल्याला दिला, तर दोघे अचूक वाजवूनही बेसूर ऐकू येते. कारण बी फ्लॅट ट्रम्पेट व क्लॅरिनेट यांवर सी वाचून वाजविल्यास प्रत्यक्षात बी फ्लॅट ऐकू येतो, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली. बासरीच्या सी शी जुळण्यासाठी त्यांनी डी वाचावा लागतो. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा असतो. त्याचा कागद आणखी निराळा. म्हणून प्रत्येक वाद्याचा कागद स्वतंत्र असावा आणि त्यावर वाद्याचे नाव ठळक लिहावे.

या विद्येचे फळ
गोव्यात पोर्तुगीज काळात धर्मग्रामाच्या शाळांतून मुलांना सोल्फा व वाद्यवादन शिकविले जाई. तेथील अनेक वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून मोठ्या वाद्यवृंदाला वाटून देण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा व अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीयांनी केले. गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील एका गीतातून गुरूंचे नाव अमर केले.

अभ्यासाची रीत
रोज दहा मिनिटे पुरेत, परंतु खंड पडू नये. प्रथम वाद्य बाजूला ठेवून टाळ्यांनी मात्रा मोजाव्यात, मग स्वरांची नावे मोठ्याने म्हणावीत आणि त्यानंतरच वाद्य हाती घ्यावे. प्रत्येक स्वराखाली त्याचे नाव लिहिण्याची सवय टाळावी. तसे केल्यास डोळा अक्षर वाचतो, स्वरचिन्ह वाचीत नाही. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा चार ओळींची अनोळखी धून समोर ठेवावी. पथकाने आपले सर्व कागद वाद्यवार लावून शाळेच्या कपाटात जपावेत. आजची मुले दहावीनंतर शाळा सोडतील, त्यांच्या धुना मात्र पुढच्या मुलांसाठी शाळेतच राहतील.